आरोपीने अपील केलं आहे; आता माझ्या साक्षीचं काय होणार?

प्रश्न

(ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई तिशीतल्या आहेत. नात्यातल्या, घरी रोजचं येणंजाणं असलेल्या एका माणसाने त्यांच्यावर बलात्कार केला. धमकीमुळे आणि घरच्यांच्या धाकाने त्या जवळपास तीन आठवडे गप्प राहिल्या, मग फिर्याद दिली. सत्र न्यायालयाने आरोपीला भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६(२)(एफ) खाली दोषी धरून १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. आता त्याने मुंबई उच्च न्यायालयात अपील केलं आहे आणि शिक्षा स्थगित करून जामीन मागितला आहे. अपिलात मुद्दे असे: तक्रार उशिरा आली, अंगावर जखमा नाहीत, डीएनए अहवालात काही निघालं नाही, फिर्याद आणि साक्ष यांत 'गंभीर तफावत' आहे, शेजारीण फितूर झाली. ताई विचारतात, 'एका कोर्टाने विश्वास ठेवला, मग पुन्हा शंका कशाला? मला परत पिंजऱ्यात उभं राहावं लागेल का? तफावत तर खरंच आहे, मग केस गेलीच ना? तो सुटला तर मी खोटी ठरणार. नातेवाईक म्हणतात, समझोत्याचं प्रतिज्ञापत्र दे आणि मोकळी हो. काय करू?'

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे घाई आहे. समझोत्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. 'नुसता मसुदा आहे, वाचून तर बघ' म्हणून पुढे केलेल्या कागदावरही नको. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. समझोता झाला म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सांगितलं आणि २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात पुन्हा बजावलं. नातेवाईक ज्याला मोकळं होणं म्हणतात ते त्या कागदाने मिळणार नाही. उलट 'असं काही घडलंच नव्हतं' असं प्रतिज्ञापत्र दिलंत, तर ते तुमच्या शपथेवरच्या साक्षीच्या थेट विरुद्ध जाईल. आरोपीचे वकील ते कोर्टापुढे ठेवतील, आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल कारवाईची मागणी तुमच्याच विरुद्ध होऊ शकेल. कुणी आमिष दाखवत असेल किंवा धमकावत असेल, तर तारीख, वेळ, माणूस आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मेसेज पुसू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जिवाला धोका वाटत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ आहे. तिचा अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, आणि साक्ष होऊन गेल्यावरही तो करता येतो.

आता बाकीचं सावकाश पाहू.

अपील आलं म्हणजे आपल्यावर कुणीतरी नव्याने शंका घेतली, असं तुम्हाला वाटतंय. कायद्यात तसं नाही. सत्र न्यायालयात दोषी ठरलेल्या प्रत्येकाला एकदा अपिलाचा हक्क आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३७४ मध्ये होता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१५ मध्ये आहे. (१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आल्यामुळे तुमच्या कागदांत दोन्ही आकडे दिसतील. गोंधळू नका, घटना त्याआधीची असल्याने गुन्ह्याचं कलम जुनंच राहतं.) हा हक्क तुमच्या बाजूच्या निकालाला बळही देतो. उच्च न्यायालयाने सगळा पुरावा नव्याने तोलून दोषसिद्धी कायम केली, तर त्यापुढे ती उलटणं फार अवघड होतं.

पिंजऱ्यात पुन्हा उभं राहावं लागण्याची शक्यता नगण्य आहे. अपिलात साक्षी होत नाहीत. सत्र न्यायालयातून मूळ रेकॉर्ड मागवलं जातं आणि त्याचं पेपर बुक तयार होतं. त्यात फिर्याद, प्रत्येकाची सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष) आणि उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे सीए रिपोर्ट, आरोपीचा कलम ३१३ खालचा जबाब (पुराव्याबद्दल न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं) आणि निकालपत्र एवढं असतं. न्यायमूर्ती ते वाचतात आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचा युक्तिवाद ऐकतात. जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे (जुनं कलम ३९१, नवं ४३२), पण त्यासाठी कारणं नोंदवावी लागतात आणि तो क्वचितच वापरला जातो.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. उच्च न्यायालय तुम्हाला पाहणार नाही, तुमचा आवाज ऐकणार नाही. तुम्ही सत्र न्यायालयात जे बोललात आणि जसं टंकलिखित झालं, तेच त्यांच्यासमोर असेल. तुम्हाला समोर पाहून साक्ष घेतलेल्या न्यायाधीशांचं मत म्हणूनच अपिलात मोलाचं धरलं जातं. साक्ष देताना तुम्ही रडलात आणि कामकाज काही वेळ थांबवलं, अशी नोंद न्यायाधीशांनी केली असेल तर ती शोधून ठेवा. अशा दोन ओळींकडे वकिलांचंही कधी कधी लक्ष जात नाही.

तुम्हाला सर्वांत जास्त भीती 'तफावत' या शब्दाची आहे, म्हणून तिथे थोडं थांबते.

समजा फिर्यादीत 'त्याने दरवाजा लावला' असं आहे आणि कोर्टात तुम्ही 'आतून कडी घातली' असं सांगितलंत. वाक्यं वेगळी आहेत, घटना तीच आहे. समजा फिर्यादीत वेळ दुपारी तीनची आणि साक्षीत साडेचारची. भरवाडा भोगिनभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा फरकांची कारणंच मांडली आहेत. घटना चित्रफितीसारखी जशीच्या तशी लक्षात राहत नाही. वेळेचा अंदाज माणसागणिक बदलतो. कोर्टातल्या वातावरणाने आणि उलटतपासणीच्या माऱ्याने साधा माणूस गडबडतो. म्हणून गाभ्याला धक्का न लावणारे फरक बाजूला ठेवायचे असतात. १९९६ च्या पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग निकालानेही हेच धोरण घालून दिलं.

आता दुसरा प्रकार घेऊ. फिर्यादीत तोंड दाबल्याचं नाही, साक्षीत आहे. वकील याला 'ओमिशन' म्हणतात. प्रत्येक ओमिशन म्हणजे विसंगती नव्हे. त्या संदर्भात ती बाब इतकी महत्त्वाची हवी की ती सांगायची राहूनच गेली नसती. फिर्याद बहुतेक वेळा ठाणे अंमलदार आपल्या शब्दांत लिहितो, आणि फिर्याद म्हणजे घटनेचा समग्र इतिहास नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केलं आहे. तुमच्या उलटतपासणीत बहुधा हे वाक्य असेल: 'पोलिसांनी माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांतल्या कितीतरी साक्षींत ते असतं. ते वाचून खचू नका, ती कबुली नाही. त्याच्यापुढचा टप्पा तपासा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबातली विसंगती सिद्ध करायची तर तो विशिष्ट भाग आधी साक्षीदाराला दाखवावा लागतो. त्याने नाकारला की तोच भाग तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत विचारून शाबीत करावा लागतो. तपास अधिकाऱ्याला तो विचारलाच नसेल, तर अपिलात ती विसंगती मांडायला आधार उरत नाही. अपिलाच्या मेमोत, म्हणजे आरोपीच्या अपील अर्जात, जिथे जिथे 'गंभीर तफावत' लिहिलंय, तिथे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीचं पान उघडून पाहायला सांगा.

तसंच 'हे म्हणणे खरे नाही की, जागेच्या वादातून मी खोटी फिर्याद दिली' अशी वाक्यं दिसतील. ही आरोपीच्या वकिलांनी केलेली आणि तुम्ही नाकारलेली सूचना आहे. नाकारलेली सूचना पुरावा होत नाही. वाद होता असं दाखवायचं असेल तर आरोपीला त्याचा कागद किंवा साक्षीदार आणावा लागतो, किंवा दुसऱ्या कुठल्या साक्षीतून ते निघावं लागतं.

मात्र सगळ्याच तफावती किरकोळ असतात असं सांगून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आरोपीच्या ओळखीबद्दल घोळ, आधी विनयभंग सांगून कोर्टात पहिल्यांदाच बलात्कार सांगणं, सांगितलेल्या वेळी आरोपी किंवा पीडिता तिथे असणंच अशक्य ठरणं, यांनी दोषसिद्धी कोसळते. २०१२ च्या राय संदीप निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली आहे: केवळ एका साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष पहिल्या जबाबापासून कोर्टापर्यंत सलग आणि उलटतपासणीत टिकणारी हवी, आणि इतर पुराव्याशी जुळणारीही हवी. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरवरच्या खटल्यात, एकट्या पीडितेची साक्ष पुरते हे तत्त्व मान्य करूनही, घटना सांगितली तशी घडणं संभवत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. चुकीची माणसं तुरुंगात जाऊ नयेत यासाठी ही कसोटी हवीच. तुमची साक्ष तिला उतरते का, हे सत्र न्यायाधीशांच्या निकालपत्रावरून बरंचसं कळेल. त्यांनी प्रत्येक आक्षेप नावानिशी घेऊन उत्तर दिलं असेल तर निकाल भक्कम आहे. 'पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटते' एवढ्यावर काम भागवलं असेल, तर उरलेलं काम सरकारी वकिलांना उच्च न्यायालयात करावं लागेल.

'फक्त माझा शब्द' असं तुम्ही पत्रात लिहिलंय. पुरावा कायद्याप्रमाणे कुठलीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही. पीडिता ही गुन्ह्यातली साथीदार नाही, म्हणून तिच्या साक्षीला दुजोरा हवाच असा आग्रह धरता येत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन या १९९० च्या निकालात तर तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतकंच वजन द्यायला सांगितलं आहे. साक्षीत कुठे अडखळायला झालं, तर न्यायालय पूर्ण दुजोरा न मागता तिला आधार देणारी एखादी परिस्थिती शोधतं. घटनेनंतर तुम्ही सर्वांत आधी कुणाला सांगितलंत? त्या व्यक्तीची साक्ष झाली आहे का? त्या दिवसांतले कॉल, कामावरची रजा, औषधोपचाराचे कागद यांपैकी काही खटल्यात दाखल आहे का? हा आधार तिथे सापडतो.

तुमच्या खटल्यात कलम ३७६(२)(एफ) लागलं आहे, म्हणजे नातेवाईक किंवा विश्वासाच्या स्थानावरचा माणूस. त्यामुळे पुरावा कायद्याचं कलम ११४-अ (भारतीय साक्ष्य अधिनियमात १२०) लागू होतं. शरीरसंबंध शाबीत झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं पीडितेने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी आरोपीवर येते. संबंध झाला हे मात्र सरकार पक्षालाच शाबीत करावं लागतं. तुमच्या साक्षीत ते संमतीचं वाक्य कोणत्या पानावर आहे ते शोधून खूण करा.

जखमा नसण्याचा मुद्दा महाराष्ट्राला फार जुना आणि फार दुखरा आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सत्र न्यायालयात सुटला, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात आरोपींना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं त्याचं एक कारण होतं. तीच कागदपत्रं तिन्ही न्यायालयांनी वाचली होती. त्या निकालावरच्या संतापातून १९८३ ची दुरुस्ती झाली आणि वर सांगितलेलं ११४-अ कायद्यात आलं. २०१३ नंतर तर व्याख्येतच लिहिलं आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणाने तिची संमती होती असं मानता येणार नाही. अपिलातल्या या मुद्द्याला उत्तर कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे.

तुमच्या बाबतीत तपासणीच तीन आठवड्यांनी झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७२ तासांनंतर शरीरावर पुरावा सापडण्याची शक्यता खूप घटते, आणि नमुने जास्तीत जास्त ९६ तासांपर्यंत घ्यायला सांगितलं आहे. त्यामुळे डीएनए अहवालात काही न निघणं अपेक्षितच होतं; ते तुमच्या विरोधात जात नाही. हे न्यायालयाला सांगायचं तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या साक्षीत त्याचा आधार हवा. 'इतक्या दिवसांनी जखमा किंवा वीर्याचा अंश सापडत नाही' असं त्यांनी म्हटलं आहे का ते पाहा. दाखल्यात दोन बोटांच्या चाचणीचा किंवा 'सवय असल्याचा' उल्लेख असेल तर तो निरर्थक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी चुकीची ठरवली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं सांगितलं. तुमच्या पूर्वायुष्याचा संमतीच्या प्रश्नाशी संबंध जोडायला पुरावा कायदाच मनाई करतो.

ज्यांच्या खटल्यात डीएनए जुळला आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. जुळलेला अहवाल संबंध दाखवतो, संमतीबद्दल काही सांगत नाही. शिवाय नमुना कुणी घेतला, सील कधी लावलं, मुद्देमाल खोलीत तो किती दिवस होता, प्रयोगशाळेत कोणत्या हवालदाराने नेला, तिथे सील शाबूत मिळालं का, ही साखळी जोडलेली लागते. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं, त्यात डीएनए नमुन्यांच्या विलंबाचा आणि ताब्याचा खुलासा नसणं हे मोठं कारण होतं. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचे आणि ते कुणाच्या ताब्यात होते याची नोंदवही ठेवायची.

उशिराबद्दल थोडक्यात सांगते. लैंगिक गुन्ह्यात फिर्यादीचा विलंब स्वतःहून घातक नसतो. त्याचं कारण पटलं पाहिजे आणि ते रेकॉर्डवर हवं. धमकी, नात्याचा दबाव, घरात कुणाला सांगू ही भीती, ही कारणं न्यायालयांनी मानली आहेत. तुम्ही ती फिर्यादीत किंवा सरतपासणीत सांगितली असतील तर पुरे.

शेजारीण फितूर झाली म्हणून तिची साक्ष पुसली जात नाही. सरकारी वकिलांनी तिची उलटतपासणी घेतली असेल आणि तिने 'त्या दिवशी आरोपीला घरातून बाहेर पडताना पाहिलं' एवढं जरी मान्य केलं असेल, तरी तेवढा भाग वापरता येतो. २०१८ च्या हेमुदान गढवी निकालात खुद्द पीडिता कोर्टात फितूर झाली होती, तरी इतर पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. जुन्या निकालांत 'भारतीय स्त्री स्वतःची बदनामी होईल असं खोटं बोलणार नाही' या अर्थाची वाक्यं आहेत, आणि ती युक्तिवादात वापरायचा मोह होतो. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. असा समज आज तुमच्या बाजूने वापरला, तर उद्या दुसऱ्या एखादीच्या विरुद्ध 'चांगल्या घरची बाई तीन आठवडे गप्प कशी राहिली?' असा उलटून येतो. मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना अशा साचेबंद समजांपासून दूर राहायला बजावलं आहे. तुमचं बळ पान क्रमांकासह दाखवता येणाऱ्या पुराव्यात आहे.

सध्या तुमच्यासमोर तातडीचं काम आहे ते शिक्षा स्थगितीच्या अर्जाचं (जुनं कलम ३८९, नवं ४३०). शिक्षा १० वर्षांची असल्याने, सोडण्यापूर्वी सरकारी वकिलांना लेखी विरोध करण्याची संधी द्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ओमप्रकाश सहानी निकालात म्हटलं आहे की या टप्प्यावर सगळा पुरावा पुन्हा चाळायचा नसतो; दोषसिद्धी टिकणार नाही असं वरवर पाहताच दिसणारी ढोबळ चूक हवी. तरीही अपील लवकर सुनावणीला येणार नाही आणि बरीच शिक्षा भोगून झाली आहे, या कारणाने स्थगिती मिळू शकते. मिळाली तर ती निर्दोष मुक्तता नव्हे. दोषसिद्धी तशीच राहते. आणि अटी मागता येतात: तुमच्या तालुक्यात पाऊल ठेवू नये, तुमच्याशी किंवा साक्षीदारांशी कुठल्याही मार्गाने संपर्क करू नये, ठराविक पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी. अट मोडली की सरकार पक्ष जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. त्यासाठी प्रत्येक प्रसंगाची लेखी तक्रार हवी.

या सुनावणीत तुम्हालाही बोलता येतं. जगजित सिंग विरुद्ध आशिष मिश्रा या २०२२ च्या निकालाने पीडिताचा प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं जाण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यासाठी स्वतःचा वकील लागतो. स्त्री म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करून उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करायचा ते विचारा. त्याआधी अपील मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की कोल्हापूर यांपैकी कुठे आहे ते पाहा. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आहे. अपिलाच्या प्रतीवर क्रमांक असेल, त्यावरून ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा कळतील. अपिलाच्या कागदात तुमचं नाव किंवा गाव उघड लिहिलं असेल तर वकिलांना ते झाकण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला करायला सांगा. पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे.

उच्च न्यायालयातले सरकारी वकील तुम्हाला कधी भेटलेले नसतात. त्यांच्याकडे फाइल येते, आणि एका दिवशी त्यांच्यासमोर अशा कितीतरी फाइली असतात. म्हणून निकालपत्राची आणि सर्व साक्षींची प्रमाणित प्रत सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळवा आणि तुमच्या वकिलांकरवी दोन पानांचं टिपण करून घ्या. डावीकडे अपिलातला आक्षेप. त्याच्यासमोर साक्षीदाराचा क्रमांक, परिच्छेद आणि साक्षीतलं नेमकं वाक्य. शेवटी त्यावर सत्र न्यायाधीशांनी काय म्हटलं ते. यात नवा खुलासा घालू नका. रेकॉर्डबाहेरची गोष्ट तिथे ऐकली जात नाही, आणि बाकीच्या टिपणावरचा विश्वासही कमी होतो.

अपिलाचे शेवट कोणते होऊ शकतात तेही माहीत असू द्या. फेटाळलं जाईल, कलम बदलून कमी गंभीर गुन्हा धरला जाईल, किंवा मुक्तता होईल. दुर्मीळ प्रसंगी फेरखटला. कलम कायम ठेवून शिक्षा १० वर्षांच्या खाली आणता येत नाही, कारण किमान शिक्षेतून सूट देण्याचा अधिकार २०१३ मध्ये काढून टाकला गेला.

आणि तो सुटला तर? फौजदारी न्यायालय एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत केला का? संशयाचा फायदा देऊन सोडताना न्यायालय 'फिर्यादी खोटी आहे' असं म्हणत नसतं. खोटी फिर्याद हा वेगळा निष्कर्ष आहे. तो तसा शब्दांत नोंदवावा लागतो. नातेवाईक काहीही म्हणोत, तुम्ही निकालपत्राचे शेवटचे परिच्छेद स्वतः वाचा. तिथून पुढे सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते, निकालापासून ९० दिवसांत. सरकारने केली नाही तरी तुम्हाला करता येते.

ज्यांच्या खटल्यात सत्र न्यायालयातच आरोपी सुटला आहे, अशा वाचकांसाठी: २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडिताला स्वतः अपील करता येतं (जुनं कलम ३७२ चं परंतुक, नवं ४१३). २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडागली निकालानुसार त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही. मुक्तता, कमी गंभीर कलम आणि अपुरी भरपाई या तीनच कारणांवर ते होतं. शिक्षा कमी वाटते म्हणून होत नाही, तो मार्ग सरकारचा आहे. मुक्ततेविरुद्धचं अपील चढाचं असतं. आरोपी निर्दोष असल्याचं मूळ गृहीतक मुक्ततेने आणखी पक्कं झालेलं असतं, आणि पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील तर सत्र न्यायाधीशांचं मत बदललं जात नाही. म्हणून अशा अपिलात 'मी खरं सांगितलं' एवढं पुरणार नाही. न्यायाधीशांनी कोणता पुरावा पाहिलाच नाही, कोणता उलटा वाचला, कोणता कायदा लावला नाही, ते दाखवावं लागतं.

आणि ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे त्यांनी सरकारी वकिलांकडून आपली फिर्याद आणि १६४ चा (दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला) जबाब आधी वाचून घ्यावा. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' म्हणावं. उशीर का झाला आणि संमती नव्हती, या दोन गोष्टी सरतपासणीतच सांगाव्यात. साक्ष टंकलिखित झाल्यावर वाचून दाखवली जाते, तेव्हा चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगावा. एकदा सही झाली की उच्च न्यायालयात तोच शब्द वाचला जाईल.